गाण्याचा खर्च कोणी सोसायचा?

आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळल्या गेलेल्या १९७५ साली मुंबईत स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मूल्यमापनात परिषदा, ठराव, कायदे आणि पुरस्कार यांची गणना होते. गाण्यांची सहसा होत नाही. वस्तुतः ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांच्या कानी प्रथम पडला तो परिषदेच्या ठरावातून पडलेला नाही. कुठल्या तरी पटांगणात अर्धवर्तुळ करून उभ्या राहिलेल्या साध्या साड्यांतील बायकांच्या गाण्यातून तो आला. या गाण्यांचा साहित्यिक वा सांगीतिक विचार करण्याचा अधिकार इतरांचा. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र त्यांच्याकडे पाहताना वेगळे प्रश्न पडतात.

प्रस्थापित व्यवस्थेविरुद्ध गायचे म्हटले तरी त्या गाण्याला त्याच व्यवस्थेच्या बाजारभावाने खर्च येतो. प्रवासाचे भाडे, ढोलकी, पुस्तिकांची छपाई, तालमीसाठी नोकरीतून आणि स्वयंपाकघरातून काढलेला वेळ, हे सारे कोणाला तरी सोसावे लागते. सरकारी अनुदान घेतले तर सरकारविरुद्ध बोलताना घसा बसतो. धनिकाचे साहाय्य घेतले तर धनिकाविषयी मौन पाळावे लागते. म्हणून अशा कोणत्याही पथकाला तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. खर्च कोणी करायचा? गाण्यावर मालकी कोणाची? आणि पहिल्या गाणाऱ्या थकल्या की पुढे कोणी गायचे? गेल्या अर्धशतकात या प्रश्नांना दोन अगदी भिन्न ठिकाणी दोन भिन्न उत्तरे मिळाली. एक इंग्लंडात, दुसरे महाराष्ट्रात. त्यांची तुलना आजच्या परिस्थितीत उद्बोधक ठरावी.

महागाईतून उठलेला आवाज

दोन्ही आवाजांचे जन्मस्थान एकच होते, ते म्हणजे महागाई. ब्रिटनमध्ये १९७५ साली चलनवाढीचा दर सुमारे चोवीस टक्क्यांवर गेला आणि १९७६ मध्ये त्या एकेकाळच्या साम्राज्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर होती. शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या तरुणांना काम नव्हते आणि उद्याविषयी भरवसाही नव्हता. या वातावरणात जे कर्कश, उघडेवाघडे, मुद्दाम बेसूर वाटावे असे संगीत निर्माण झाले त्याला ‘पंक’ हे नाव पडले. त्यामागचा विचार मात्र सरळ होता. गाण्यासाठी रियाझ, घराणे, महागडी वाद्ये वा कंपनीची मेहेरबानी लागत नाही. दोन-तीन स्वरमेळ येत असले आणि सांगण्यासारखे काही असले की पुरे.

या लाटेत १९७६ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात ‘पॉयझन गर्ल्स’ नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. व्हाय सबव्हर्सा हे टोपणनाव घेऊन त्यात गाणाऱ्या फ्रान्सिस सोकोलोव्ह १९३५ साली जन्मलेल्या होत्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. विशीतील पोरांच्या मानल्या गेलेल्या संगीतात चाळिशी ओलांडलेली एक गृहिणी उभी राहते आणि आईपण, संसार, देह आणि युद्ध यांविषयी खडसावून बोलते, ही घटना त्या काळच्या इंग्लंडलाही पचण्याजोगी नव्हती. वृंदातील बहुतेक वादक पुरुष होते. बोलणे मात्र बाईचे होते. हा वृंद स्वतःला अराज्यवादी म्हणवीत असे. अराज्यवाद म्हणजे अंदाधुंदी असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात वरून लादलेल्या सत्तेवाचून, परस्परांच्या सहकार्याने समाज चालावा असा तो विचार आहे. विनोबांची ‘शासनमुक्ती’ ज्यांनी वाचली आहे त्यांना तो अगदीच परका वाटू नये.

महाराष्ट्रात याच वर्षांत काय घडत होते? १९७२ चा दुष्काळ पडला होता. १९७४-७५ मध्ये देशातील घाऊक किमती सुमारे पंचवीस टक्क्यांनी चढल्या. गोडेतेल, साखर, रॉकेल यांसाठी रांगा लागत. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. या लाटणे मोर्चांकडे राजकीय दृष्टीने पुष्कळ पाहिले गेले आहे. पण त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. थाळी आणि लाटणे ही वाद्ये होती, आणि ती विकत घ्यावी लागली नाहीत. पंकवाल्यांना जे तत्त्व स्वरमेळांच्या आधारे सापडले ते गिरगाव-परळच्या बायकांना स्वयंपाकघरात सापडले होते. आवाज उठविण्यासाठी भांडवल लागत नाही, हेच ते तत्त्व.

तबकडीवर छापलेली किंमत

पहिल्या दोन प्रश्नांना इंग्लंडातील या मंडळींनी दिलेले उत्तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावे इतके स्वच्छ आहे. पॉयझन गर्ल्सचा सहप्रवासी असलेला ‘क्रास’ हा समूह एसेक्स परगण्यातील एका जुन्या शेतघरात एकत्र राहत असे. त्यांनी स्वतःच्या तबकड्या स्वतः काढल्या आणि वेष्टनावर ‘यापेक्षा अधिक किंमत देऊ नका’ अशा अर्थाचा मजकूर ठळकपणे छापला. उत्पादक आपल्याच मालाच्या किमतीवर मर्यादा घालतो आणि ती ग्राहकाला जाहीरपणे सांगतो, हे बाजाराच्या नेहमीच्या नियमांत बसणारे नाही. पण उत्पादन आणि वितरण या दोहोंचा ताबा ज्याच्याकडे आहे तोच हे करू शकतो. कंपनीच्या दारात गेलेल्या गायकाला अशी मुभा नसते.

१९८० मध्ये या दोन समूहांनी मिळून एक तबकडी काढली. एका बाजूला एकाचे गाणे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे. तिच्या उत्पन्नातून लंडनच्या वॉपिंग भागात अराज्यवाद्यांचे एक केंद्र उभारण्यात आले. केंद्र १९८१ मध्ये सुरू झाले आणि फार काळ टिकले नाही. क्रासचा प्रवास १९८४ मध्ये संपला, पॉयझन गर्ल्सचा त्या दशकाच्या अखेरीस. व्हाय सबव्हर्सा २०१६ मध्ये निवर्तल्या. तबकड्या आजही मिळतात आणि ऐकल्या जातात. परंतु ज्या व्यवस्थेशी त्यांचे भांडण होते तिच्याशी रोज, कंटाळवाण्या तपशिलात भांडत राहणारी संस्था त्यांच्या मागे उभी राहिली नाही. संस्था म्हटली की पदाधिकारी आले, नियम आले, म्हणजे पुन्हा सत्ता आली, अशी त्यांची धारणा होती. ती प्रामाणिक होती, पण तिची किंमत त्यांना मोजावी लागली. खर्च स्वतःचा आणि मालकी स्वतःची, इतकी उत्तरे त्यांच्यापाशी होती. पुढे कोणी गायचे, या तिसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर राहिले नाही.

‘मुलगी झाली हो’

महाराष्ट्रात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी आधीच तयार होते. बायकांनी एकत्र गाणे, आणि त्या गाण्यात सासर, नवरा व नशीब यांचा समाचार घेणे, ही येथे नवी गोष्ट नव्हती. जात्यावरच्या ओव्या हे श्रमाबरोबर निघालेले उत्पादन होते. पहाटे दळण हातून होत असे आणि मन मोकळे तोंडून होत असे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, यावरून या अनामिक भांडाराचा विस्तार ध्यानी यावा. आमच्या सिंधुदुर्गात दशावताराच्या रंगभूमीवर परंपरेने स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत आला. परंतु गौरी-गणपतीच्या दिवसांत अंगणातली फुगडी पूर्णपणे बायकांची असते, आणि तिथल्या गाण्यांत जे मोकळेपणाने बोलले जाते ते एरवी घरात उच्चारण्याची सोय नसते. या गाण्यांवर कोणाची मालकी नाही. जिला आठवली तिची ती, आणि जिने एक ओळ वाढविली तिचीही.

दुसरा प्रवाह कलापथकांचा. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक आणि पुढे राष्ट्र सेवा दलाचे कलापथक यांनी गाणे हे प्रचाराचे व लोकशिक्षणाचे साधन कसे होते हे दाखवून दिले होते. मात्र त्या पथकांत विषय ठरविणारे बहुधा पुरुष होते. कामगाराच्या हालांवर गाणे होते. कामगाराने घरी येऊन बायकोवर हात उगारला तर त्यावर गाणे नव्हते.

हे दोन्ही प्रवाह स्त्री मुक्ती संघटनेच्या पथकात एकत्र आले. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक पथकाने रंगमंचावर आणले. त्यात नेपथ्याचा बडेजाव नव्हता, नायिकेचा थाट नव्हता. गाणाऱ्या आणि अभिनय करणाऱ्या स्त्रिया नोकरी-संसार सांभाळणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. मुलगी जन्मल्यापासून तिच्या वाट्याला जे येते ते गाण्यांतून, विनोदातून, ओळखीच्या चालींतून मांडलेले होते. नाटकाचे तीन हजारांहून अधिक प्रयोग झाल्याचे सांगितले जाते आणि ते अन्य भारतीय भाषांतही गेले. हा प्रसार कसा शक्य झाला याचे आर्थिक कारण उघड आहे. ज्या प्रयोगाला पडदा, प्रकाशयोजना आणि मानधनावरची नटी लागत नाही, त्याचा प्रत्येक पुढचा प्रयोग जवळजवळ प्रवासखर्चातच होतो. एखादी अनुपस्थित राहिली तर दुसरी तिच्या जागी उभी राहू शकते. मोठ्या नटीवाचून उभे असलेले नाटक मोठ्या नटीच्या तारखांवर अडत नाही.

तो काळही या गाण्यांना अनुकूल होता, म्हणजे परिस्थिती तितकीच भीषण होती. मथुरा या आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले आणि देशभर संताप उसळला. हुंड्यापायी जळून मेलेल्या सुनांच्या बातम्या रोज येत होत्या. १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि विवाहितेच्या छळाबाबतचे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. हे श्रेय एका पथकाचे नव्हे, अनेक संघटनांचे होते. इथेच आपले पथक इंग्रजी समूहापासून वेगळे होते. पॉयझन गर्ल्सचा शासनसंस्थेवर विश्वास नव्हता. आपल्या बायकांचाही फारसा नव्हता; परंतु त्यांनी शासनाचे दार ठोठावले, आणि ते उघडेपर्यंत ठोठावत राहिल्या. गाणे संपल्यावर ज्या श्रोत्या मागे थांबून हळू आवाजात आपली हकिकत सांगत त्यांच्यासाठी सल्ला केंद्रे निघाली. ‘प्रेरक ललकारी’ हे मासिक निघाले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेचे ‘परिसर विकास’ हे काम सुरू झाले. गाण्याच्या मागे संस्था उभी राहिली, म्हणून गाणे हवेत विरले नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

येथपर्यंतचा इतिहास समाधान देणारा आहे. पण ताळेबंदाला दुसरी बाजू असते आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘मुलगी झाली हो’ म्हणत ज्या वर्षांत ही पथके फिरत होती त्याच वर्षांत मुलगी होऊच नये यासाठीचे तंत्र शहरांतून तालुक्यांत पोहोचत होते. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. असे असूनही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची राज्यातील संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली.

आम्हा सिंधुदुर्गवासीयांना या आकड्यांपासून अलिप्त राहण्याची एक सोय आहे. आमच्या जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. हा आकडा सांगून ‘कोकणात स्त्रीला मान आहे’ असे व्यासपीठावरून म्हणण्याची प्रथा आहे. पण सरासरी ही फसवी असते. हा आकडा फुगलेला दिसतो त्याचे मुख्य कारण पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले, हे आहे. ते आधी गिरण्यांत गेले, १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या कामावर गेले. मागे राहिलेल्या बायकांनी शेती, म्हातारी माणसे आणि कर्ज सांभाळले. स्थलांतराचा परिणाम ज्यांवर होत नाही त्या सहा वर्षांखालील बालकांचा आकडा पाहिला तर याच जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे मुली ९२२ होत्या. मनिऑर्डरने चालणाऱ्या घरात बाईचे श्रम हवे होते. मुलगी तितकी हवी होती असे हा आकडा सांगत नाही.

मग गाणी व्यर्थ गेली का? तसे म्हणणे उथळपणाचे ठरेल. गाण्याचे काम मर्यादित पण अपरिहार्य असते. जे बोलायचे नसते ते ते बोलण्याजोगे करते. ‘माझ्यावर अन्याय होतो आहे’ हे वाक्य एकटीला उच्चारता येत नाही. दहाजणींच्या सुरात ते उच्चारता येते. त्यानंतरचे काम कायद्याचे, त्याच्या अंमलबजावणीचे, मुलीच्या नावावर जमिनीचा हिस्सा लागण्याचे आणि तिच्या हाती मजुरी येण्याचे. गर्भलिंगचिकित्सेचे यंत्र चालविणारा माणूस गाण्याने बदलत नाही, कारण त्याचा हिशेब वेगळा असतो. त्याच्या हिशेबात शिक्षेची शक्यता वाढवावी लागते. इतके मान्य केले तरी एक गोष्ट उरते. शिक्षेची मागणी करणारी स्त्री तयार कोठून होते? ती पटांगणातल्या त्या अर्धवर्तुळातून तयार होते, आणि आज ती अर्धवर्तुळेच कमी होत आहेत.

नवे आश्रयदाते

त्यांना बंदीपेक्षा मोठा धोका आश्रयाचा आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत आमच्या भागात फुगडीच्या स्पर्धा भरतात. व्यासपीठ मोठे असते, ध्वनिक्षेपक उत्तम असतो, बक्षिसाची रक्कमही दखलपात्र असते, आणि मागे कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याचे चित्र असलेला फलक असतो. साड्या एकसारख्या असतात. गाणी मात्र परीक्षकांना रुचतील अशी निवडलेली असतात, आणि परीक्षकांना सासूची वा पुढाऱ्याची टिंगल रुचत नाही. अंगणातली फुगडी फुकट होती म्हणून मोकळी होती. व्यासपीठावरची फुगडी सशुल्क झाली आणि सभ्य झाली. स्पर्धा भरविणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. खर्च करणाऱ्याची आवड मालाच्या गुणांत उतरते, हा बाजाराचा साधा नियम आहे.

हेच अधिक मोठ्या प्रमाणावर इतरत्र दिसते. २०२४ मध्ये राज्य सरकारने पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जमा करण्याची योजना सुरू केली. गरीब घरात या रकमेचे मोल मोठे आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांनी एकदा तरी महिन्याअखेरीच्या किराणा-यादीकडे पाहावे. परंतु लाभार्थ्यांची यादी म्हणजे संघटना नव्हे. यादीतील स्त्रिया एकमेकींना ओळखत नाहीत. प्रत्येकीचे नाते थेट देणाऱ्याशी असते. १९७२ च्या स्त्रीने लाटणे घेऊन भाव विचारला होता. आजच्या स्त्रीला भाव विचारण्याआधीच काही रक्कम मिळते, आणि ती बंद होईल या भीतीने पुढचा प्रश्न जिभेवरच राहण्याची शक्यता असते. भ्रमणध्वनीवरील गाण्यांचेही तसेच. कोणते गाणे किती जणांपर्यंत जावे हे दूरदेशीची कंपनी ठरविते, आणि त्यावर किंमत छापण्याचा अधिकार गाणारीकडे उरत नाही.

उपाय फार मोठे नाहीत, आणि ते आपल्या आवाक्याबाहेरचेही नाहीत. ज्या तालुक्यात बचत गट आहेत, महाविद्यालये आहेत, शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, त्या तालुक्याला वर्गणीवर चालणारे एक महिला कलापथक परवडू नये इतका तो दरिद्री नाही. महिन्याला दहा-वीस रुपये देणारे पाचशे लोक हे एका मोठ्या देणगीदारापेक्षा केव्हाही चांगले, कारण पाचशेंपैकी एकाला राग आला तरी पथक बंद पडत नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या आजीकडून फुगडीची व ओवीची गाणी उतरवून घ्यावीत. त्यांतली तिखट गाणी गाळू नयेत, आणि आजच्या प्रश्नांवर नव्या ओळी जोडाव्यात. प्राध्यापकांनी स्नेहसंमेलनात त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि त्या अर्ध्या तासाला प्रायोजक शोधू नये. प्रत्येक प्रयोगानंतर मागे थांबणाऱ्या बाईसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, एक टेबल आणि एक जाणती स्त्री असावी, कारण तेवढे नसेल तर गाणे ऐकवून तिला पुन्हा त्याच घरी धाडल्यासारखे होईल.

इंग्लंडच्या त्या चाळिशीच्या आईने पैसा आणि मालकी यांबाबत जे दाखविले ते आपण घेतले पाहिजे, आणि आपल्याकडच्या स्त्रियांनी संस्था उभारून जे दाखविले ते विसरता कामा नये. ज्या गाण्याचा खर्च गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मिळून सोसतात तेच गाणे त्यांचे राहते. लोकसंख्येत आम्ही स्त्रियांची संख्या अधिक असल्याचे अभिमानाने सांगतो. त्या संख्येला स्वतःचा आवाज देण्यासाठी लागणारी वर्गणी द्यायला आपण तयार आहोत की नाही, याचे उत्तर सिंधुदुर्गाने आता द्यावे.